ट्रोलिंग मोटरची बॅटरी: आधी मांडवीच्या ओहोटीचा हिशोब, मग दुकान

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही गोव्यात रायबंदरला, मांडवीकाठी राहता. १४ फुटी फायबरची होडी, मागे १२ व्होल्टची ५५ पौंडी ट्रोलिंग मोटर (बॅटरीवर चालणारी, ५५ पौंडांचा रेटा देणारी छोटी मोटर), होडीत दोन माणसं. चोडणच्या खारफुटीच्या कडेकडेने चोणक गरवायला जाता. घरच्या इन्व्हर्टरची उतरवलेली १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी दोन मोसम वापरलीत. यंदा चवथीनंतर बाहेर काढली तर पाऊण तासात मोटर मंदावली आणि वल्ही मारत घरी यावं लागलं. आता दुकानदार म्हणतो ट्रकची नवी बॅटरी घ्या, मेहुणा म्हणतो लिथियमच घे. कुठली घ्यावी आणि घेतलेली टिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंत.

मी बेतीच्या बाजूला गेली २२ वर्षं होड्यांची वायरिंग आणि बॅटऱ्यांचं काम करतो. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या बॅटऱ्यांपैकी बहुतेक पाण्यावर वापरून संपलेल्या नव्हत्या. त्या काठावर मेल्या होत्या: रात्री चार्जिंगला न लावल्यामुळे, आणि मिरगापासून चवथीपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिल्यामुळे. तुमचीही त्यातलीच असावी. त्यामुळे कुठली घ्यायची हे सांगतोच, पण सांभाळायची सवय बदलली नाही तर नवी बॅटरीही तिसऱ्या मोसमात तुम्हाला वल्ह्यांवर आणेल.

सुरुवात बॅटरीपासून न करता पाण्यापासून करू. ५५ पौंडी मोटर पूर्ण वेगावर साधारण ५० अँपिअर ओढते. हा आकडा मोटरच्या पुस्तिकेत असतो, तो पाठ करून ठेवा. दोन माणसं आणि सामान घेऊन तुमची होडी संथ पाण्यात पूर्ण वेगावर ताशी साडेपाच किलोमीटरच्या आसपास जाईल. मांडवीत उधाणाच्या दिवशी, ओहोटीच्या मधल्या दोन तासांत, पात्र अरुंद असेल तिथे पाणी सेकंदाला एक मीटरच्या आसपास धावतं. म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरहून थोडं जास्तच. आता समजा तुम्ही ओहोटीबरोबर सहज वाहत पणजीच्या दिशेने खाली गेलात, रायबंदरच्या जुन्या बांधाच्या कडेने अगदी पाट्टोपर्यंत. हा बांध तीन किलोमीटरहून थोडा लांब आहे, त्यामुळे मापाला फार सोयीचा. ओहोटी भरात असतानाच तुम्ही परत फिरलात, तर काठाच्या हिशोबाने तुमचा वेग ताशी दोन किलोमीटरसुद्धा उरत नाही. तीन किलोमीटरला दीड तासाहून जास्त वेळ, तोही पूर्ण वेगावर. ५० अँपिअर गुणिले दीड तास, म्हणजे ७५ ते ८० एएच फक्त परतीला. हेच अंतर पाणी थांबलेलं असताना अर्ध्या वेगाने कापलंत, तर तासभर लागेल आणि मोटर १२-१३ अँपिअरच ओढेल. एकीकडे ८० एएच, दुसरीकडे १३. मोटर तीच, होडी तीच, अंतर तेच.

अर्ध्या वेगाला ओढ इतकी कमी कशी, असं गिऱ्हाईक नेहमी विचारतं. पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. उलट बाजूने बघितलं तर वेग निम्मा केल्यावर ताकद एक अष्टमांशावर यायला हवी. मोटरमधल्या आणि पंख्यातल्या नुकसानीमुळे प्रत्यक्षात इतकी बचत होत नाही, पण माझ्या क्लॅम्प मीटरवर पाव हिश्श्याच्या आसपासचा आकडा दिसतो, आणि तोही भरपूर झाला. इथे एक अट आहे. तुमच्या मोटरला पाच ठरावीक वेगांचं जुन्या पद्धतीचं हँडल असेल, तर खालच्या वेगांवर थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक असेल, तर बचत पुरेपूर मिळते. मोटर अजून विकत घ्यायची असती, तर बॅटरीवर जास्त पैसे घालण्याआधी मी तुम्हाला असा नियंत्रक असलेली मोटर घ्या म्हटलं असतं.

तुमच्या जागेचा फायदा असा की चोडण समोर आहे आणि खारफुटी वरच्या अंगाला दिवाडीकडे पसरलेली आहे. भरतीबरोबर वर जा, भरती थांबते तेव्हा गरवा, ओहोटी लागली की तिच्याबरोबर घरी या. कालनिर्णयावरची तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यात जोराचं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात मंद भरती-ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. जुन्या तांडेलांना हे सांगावं लागत नसे, कारण वल्ह्याने पाण्याशी झगडलं की खांदे सांगायचे. मोटर आल्यापासून ते दुखणं बॅटरीकडे गेलं आणि आपल्याला कळेनासं झालं.

आता लेबलवरच्या आकड्यांकडे येऊ. शिशाच्या बॅटरीवर १०० एएच लिहिलेलं असतं ते बहुधा २० तासांच्या हिशोबाने. म्हणजे ५ अँपिअर ओढलेत तर २० तास चालेल. ५० अँपिअर ओढलेत तर दोन तास चालेल असं वाटतं, पण तशी ती चालत नाही. प्यूकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली हे मांडलं: ओढ जितकी जास्त, तितकी शिशाच्या बॅटरीतून एकूण वीज कमी मिळते. ५० अँपिअरला १०० एएचची चांगली बॅटरी सव्वा तासाच्या आसपास पूर्ण आडवी होते, म्हणजे ६० एएचच पदरात पडतात. १२ अँपिअरला तीच बॅटरी सात तासांच्या जवळपास जाते. त्यातही शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही हा नियम पाळला, तर पूर्ण वेगाची तुमच्या हातात जेमतेम ३५ ते ४० मिनिटं उरतात. लेबल वाचताना हे डोक्यात ठेवा. सोलरसाठीच्या काही ट्युब्युलर बॅटऱ्यांवर १० तासांचा आकडा छापलेला असतो, त्याला सी-१० म्हणतात. आकडा सारखा असेल तर सी-१० वाली बॅटरी सी-२० वाल्यापेक्षा खरोखर मोठी असते. दुकानात हे विचारून घ्या.

ट्रकची बॅटरी घेऊ नका. ती खराब असते म्हणून नव्हे. तिचं काम वेगळं आहे. इंजिन चालू करायला काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचं, यासाठी तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ बसवलेल्या असतात. त्यांना तासन् तास खाली उतरवलं की प्लेटांवरचा लेप सुटून तळाशी साचतो. काही डझन वेळा अशी खोल उतरली की ती संपते. तुम्हाला हवी ती डीप सायकल बॅटरी, म्हणजे खोल उतरवून पुन्हा भरायची, जाड प्लेटांची. लेबलवर सीसीए (थंडीत इंजिन चालू करायला किती अँपिअर मिळतात) हा आकडा मोठ्या अक्षरांत आणि एएच कुठेतरी कोपऱ्यात असेल, तर ती बॅटरी इंजिन चालू करण्यासाठीच आहे असं समजा, वर ‘मरीन’ लिहिलेलं असलं तरी. आउटबोर्ड इंजिनासाठी तीच लागते, ट्रोलिंगसाठी ती चालत नाही.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर खोल उतरायला खरं तर चांगली. म्हणूनच दोन मोसम तुम्हाला तिने साथ दिली. पण १५० एएचची उंच ट्युब्युलर ॲसिडसकट ५५-६० किलो भरते, ती उभीच राहायला हवी, आणि १४ फुटी होडीत एवढं वजन इतक्या उंचीवर म्हणजे बार्जची लाट आली की होडी डोलून डोलून आतलं ॲसिड झाकणांतून बाहेर येतं. शिवाय जड ओढीला तिचा व्होल्टेज लवकर खाली बसतो. एक गोष्ट ऐकून घ्या, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. वायंगिणीच्या बाजूच्या एका होडीत तळात साचलेलं खारं पाणी असल्याच उघड्या झाकणांच्या बॅटरीत शिरलं. बॅटरी चालू होती. तिखट, घशाला झोंबणारा वास आला. तो क्लोरिन वायू होता. ॲसिडमध्ये मीठ मिसळून वीज वाहिली की तो तयार होतो. उघड्या पाण्यावर वारा होता म्हणून ठसक्यावर निभावलं. केबिनमध्ये झालं असतं तर फार वाईट झालं असतं. म्हणून खाऱ्या पाण्यात पाण्याची बॅटरी (जिच्यात वरून पाणी घालावं लागतं ती) वापरायचीच असेल, तर झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत, पट्ट्याने करकचून बांधून, तळापासून उचलून ठेवा.

एसएमएफ म्हणजे बंद बॅटरी. आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, ते सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही. १०० एएचची ३० किलोच्या आसपास. अशा गादीच्या बॅटरीला एजीएम म्हणतात. डीप सायकल म्हणून बनवलेली एजीएम मिळाली, तर महिन्यातून दोनदा जाणाऱ्या माणसाला ती पुरते. बाजारात बँकांच्या आणि ऑफिसांच्या युपीएसमधून उतरवलेल्या एसएमएफ स्वस्तात मिळतात. त्या घेऊ नका. चार-पाच वर्षं गरम खोलीत सतत चार्जवर राहून त्यांचं आतलं पाणी आटलेलं असतं. मीटरवर १२.८ दाखवतात, मोटर लावली की दहा मिनिटांत ११ वर येतात. नुसत्या व्होल्टमीटरवर भरवसा ठेवून अशा बॅटऱ्या घेतलेली आणि मग मांडवीच्या मधोमध थांबलेली बरीच माणसं माझ्याकडे आली आहेत.

लिथियम म्हणताना नेमकं कुठलं ते विचारा. होडीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. ई-स्कूटरच्या पॅकमधले सेल बऱ्याचदा दुसऱ्या रसायनाचे असतात आणि ते तापून पेट घेण्याचा धोका त्यांच्यात जास्त. जुना स्कूटरचा पॅक उघडून होडीत लावू नका, कोणीही कितीही कौशल्याने करून देतो म्हणाला तरी. एलएफपीची १०० एएचची बॅटरी ११ ते १३ किलो. तिच्यातले ८० ते ९० एएच खुशाल वापरता येतात. ५० अँपिअरला तिची वीज शिशासारखी आटत नाही. व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहतो, त्यामुळे मोटर परतीच्या वाटेवर मरगळत नाही. रोज ८० टक्के उतरवूनही दोन हजारांहून जास्त वेळा चालणाऱ्या एलएफपी बॅटऱ्या आहेत. निम्म्यापर्यंतच उतरवली जाणारी चांगली शिशाची बॅटरी काहीशे वेळा टिकते. म्हणून किमतीची तुलना १०० एएचला १०० एएच अशी करू नका. १०० एएच एलएफपीच्या समोर २०० एएच शिसं ठेवा, आणि ते ६० किलो शिसं रोज पायऱ्यांवरून उतरवायला तुमची पाठ तयार आहे का, तेही बघा.

लिथियमचे दोष मात्र लपवायचे नाहीत. तिच्या पोटात बीएमएस नावाचं रक्षक सर्किट असतं. व्होल्टेज फार उतरला, तापमान फार चढलं किंवा ओढ मर्यादेबाहेर गेली की ते वीज एका क्षणात तोडतं. शिशाची बॅटरी दमल्याचं आधी सांगते, मोटरचा आवाज उतरत जातो. एलएफपी काही सांगत नाही, चालता चालता बंद पडते. म्हणून तिच्याबरोबर शंट मीटर घ्यायलाच हवा, जो आत गेलेले आणि बाहेर आलेले एएच मोजून दाखवतो. नुसत्या व्होल्टेजवरून एलएफपीची स्थिती ओळखता येत नाही, कारण बराचसा प्रवास १३.० ते १३.३ या अरुंद पट्ट्यातच होतो. बीएमएस सतत १०० अँपिअर देणारं हवं, म्हणजे ५० ची मोटर सुरू होताना ते तुटत नाही. पेटी आयपी-६७ दर्जाची, पाणी न शिरणारी हवी. स्थानिक जोडणीवाल्याकडून करून घेत असाल, तर आतले सेल कसे आवळलेत ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लाटांवर ते हलले तर जोड सुटतात. आणि मोटरची पुस्तिका वाचा. पूर्ण भरलेल्या एलएफपीचा व्होल्टेज शिशापेक्षा जास्त असतो, त्यामुळे काही मोटरांसाठी फार वेळ पूर्ण वेग न देण्याची सूचना असते.

तुमच्यासाठी माझं मत असं. तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा जाता, होडी रोज उचलून ठेवता, आणि एकदा परतीला अडकलाही आहात. १०० एएचची एलएफपी घ्या. आत्ता तेवढे पैसे काढणं शक्य नसेल, तर १०० एएचची एक डीप सायकल एजीएम घ्या आणि भरती-ओहोटी बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. १३ ते ३० एएचच्या दिवसाला ती व्यवस्थित पुरेल. ८० एएचच्या दिवसाला ती पुरणार नाही, आणि एकदा पुरवलीत तर पुढे फार दिवस टिकणार नाही. २४ व्होल्टची मोटर पुढे कधी घेतलीत तर दोन बॅटऱ्या एकाच मेकच्या, एकाच वयाच्या, एकत्र घेतलेल्या हव्यात, आणि फिश फाइंडर त्यातल्या एकीवरून चालवायचा नाही. एक दमते, दुसरी भरलेली राहते आणि जोडी बिघडते.

दुकानात बॅटरी हातात घेण्याआधी बनवल्याची तारीख बघा आणि मीटर लावा. शिशाची नवी बॅटरी १२.४ च्या खाली असेल, तर ती रॅकवर पडून सल्फेट धरायला लागली आहे, दुसरी मागा.

वायरिंगवर लोक पैसे वाचवतात आणि तेच त्यांना सगळ्यात महाग पडतं. ५० अँपिअरला बॅटरीपासून मोटरपर्यंत चार मीटर अंतर असेल, तर येणं-जाणं धरून आठ मीटर तांबं. १० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये साधारण ०.७ व्होल्ट वाटेतच जातो. १६ ची केबल घेतलीत तर तो ०.४५ च्या आत येतो. म्हणून १६ घ्या, आणि कल्हई केलेल्या तांब्याची, कारण साध्या तांब्याला खारी हवा लागली की आवरणाच्या आतून तार काळी पडत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. टर्मिनलला हाताने फिरवायच्या पंखवाल्या चाकी ठेवू नका. त्या होडीच्या थरथरण्याने ढिल्या होतात. ढिल्या जोडात ओहमचा शंभरावा हिस्सा जरी रोध आला, तरी ५० अँपिअरला तिथे २५ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नच ठेवल्यासारखं. टर्मिनल वितळलेल्या जितक्या बॅटऱ्या मी बघितल्या, त्यांत बहुतेक वेळा कारण हेच होतं. केबलच्या टोकाचा लग दाबून बसवलेला हवा, वरून गोंदवाली श्रिंक नळी, आणि नट स्प्रिंग वॉशरवर आवळलेला.

पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा ब्रेकर बसवा, तो डीसीसाठी बनवलेला असावा. घरच्या डीबीतला एमसीबी काढून होडीत लावलेले मी खूप बघतो. एसी वीज दर सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी चालू राहते आणि एमसीबी आतून जळतो. पंख्यात नायलॉनची तंगूस अडकली की मोटर जास्त ओढते, तेव्हा हाच ब्रेकर बॅटरी आणि मोटर दोन्ही वाचवतो. दर फेरीनंतर पंखा काढून आतली तंगूस साफ करा. ती आत गेली की तेलाचं सील कापते आणि पाणी मोटरमध्ये शिरतं.

आता सांभाळण्याचं. होडी काठाला लागली की त्याच रात्री चार्जिंग, शिशाच्या बॅटरीसाठी हा नियम कधी मोडू नका. उतरलेल्या अवस्थेत प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक असतात. लगेच भरली तर ते विरघळतात. दिवस गेले की ते मोठे आणि टणक होतात, आणि तेवढा प्लेटचा भाग कायमचा कामातून जातो. तुमची बॅटरी अशीच गेली असणार. चार्जर तीन टप्प्यांचा, स्वयंचलित घ्या. १०० एएचला १० ते १५ अँपिअरचा पुरे. पाण्याच्या बॅटरीला आणि बहुतेक एजीएमला दुसऱ्या टप्प्यात १४.४ ते १४.७ व्होल्ट लागतात, जेल प्रकारच्या बंद बॅटरीला १४.१-१४.२ च्या वर जायचं नाही, भरल्यावर तरंगत ठेवायला साडेतेराच्या आसपास. एलएफपीचा चार्जर वेगळा, १४.२ ते १४.६ देऊन थांबणारा. गॅरेजमधला मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा चार्जर व्होल्टेज कापत नाही. बंद बॅटरी त्याच्यावर रात्रभर ठेवली की पोट फुगून परत येते. निम्मी उतरलेली १०० एएच बॅटरी १० अँपिअरवर पाच तासांत भरते असं वाटतं, पण शेवटचे २० टक्के सावकाश भरतात. आठ-नऊ तास धरा. वरचे २० टक्के दर वेळी राहून गेले, तर तेवढाच भाग हळूहळू मरतो.

पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, विहिरीचं किंवा नळाचं नाही, आणि चार्ज झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ते वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील इतकं घाला. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीने उडतो. आपल्याकडे बॅटरी घराच्या मागच्या खोलीत, बाजूला देवघर, तिथे समई, असं चित्र मी पुष्कळ घरांत बघितलंय. बॅटरी बाहेर बल्कांवात किंवा पडवीत, वारा खेळेल अशा जागी चार्ज करा.

हायड्रोमीटर घ्या, फार महाग नसतो. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलरमध्ये पूर्ण भरल्यावर ॲसिडची घनता सहसा १.२४० असते, गरम हवेसाठी मुद्दाम कमी ठेवलेली. त्यामुळे अशी बॅटरी पूर्ण भरून विसावल्यावर १२.५ दाखवली तर घाबरू नका. इतर शिशाच्या बॅटऱ्यांना पूर्ण भरल्यावर १२.६ ते १२.८, निम्म्यावर १२.२ धरा. वाचन चार्जर काढून चार-सहा तासांनी घ्या. सहा कप्प्यांत एखाद्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने मागे असेल, तर तो कप्पा आजारी आहे.

टर्मिनलवर पांढरा-निळसर बुरा आला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश करा, झाकणं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. मग गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, नट आवळा, आणि वरून व्हॅसलीन. व्हॅसलीन आवळल्यानंतर लावायचं, दोन धातूंच्या मध्ये नाही. बॅटरी जमिनीवर ठेवू नये, फळीवरच ठेवावी, असं घरोघरी सांगतात. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला सिमेंटच्या जमिनीने काही होत नाही. फळी ठेवायला हरकत नाही, पण तेवढ्याने बॅटरी वाचत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावसाळा. सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्यांसाठी. पण तुमच्यासारख्यांची छोटी होडी नदीला लाल पाणी आल्यापासून चवथीपर्यंत बाहेरच असते, म्हणजे तीन-साडेतीन महिने. शिशाची बॅटरी पडल्या पडल्या महिन्याला पाच टक्क्यांच्या आसपास उतरते, जुनी त्याहून जास्त, गरमीत आणखी जास्त. म्हणून मे संपता संपता बॅटरी होडीतून उचला, टर्मिनल सोडवा, पुसून कोरडी करा, पूर्ण चार्ज करा आणि घरात आणा. मग दर महिन्याला एकदा पूर्ण चार्ज. संकष्टीला करतो असं ठरवून टाका, तिथी चुकत नाही. लाइट वारंवार जाते म्हणून चार्जर दिवसचे दिवस लावून ठेवू नका, आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा. पावसाच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात वीज पडून चार्जर जळालेले माझ्याकडे दरवर्षी येतात.

एलएफपीचं नेमकं उलट. तिला पूर्ण भरून ठेवू नका, ५० ते ६० टक्क्यांवर ठेवून टर्मिनल सोडवा, दोन महिन्यांनी एकदा बघा. तिला पावसापेक्षा मेचं ऊन जास्त मारतं. ताडपत्रीखालची होडी किंवा बंद गाडीची डिकी दुपारी ५० अंशांवर जाते. बहुतेक एलएफपी ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, त्यामुळे उन्हातून आणल्यावर थंड होऊ द्या, मग चार्जर लावा. शिशालाही उष्णता बाधते. २५ अंशांच्या वर सतत दहा अंश जास्त राहिली, तर तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

चवथीनंतर होडी पाण्यात घालण्याआधी शिशाच्या बॅटरीची घरीच परीक्षा करा, म्हणजे यंदासारखं मधेच कळणार नाही. १२ व्होल्टचा ५५ वॉटचा गाडीचा हेडलाइट बल्ब घ्या. तो साडेचार-पाच अँपिअर ओढतो, म्हणजे १०० एएच बॅटरीच्या लेबलावरच्या २० तासांच्या हिशोबाच्या जवळपास. पूर्ण भरलेल्या बॅटरीला सकाळी लावा, बल्ब लाकडापासून दूर ठेवा कारण तो फार तापतो, दहा तासांनी काढा. रात्रभर विसावू द्या, सकाळी मीटर लावा. १२.२ च्या आसपास दाखवली तर क्षमता शाबूत आहे. ११.९ दाखवली तर क्षमता बरीच गेलेली आहे, तिला खोल पाण्यात नेऊ नका. मग लगेच चार्जिंगला लावा.

जुनी ट्युब्युलर अंगणात ठेवू नका, तिच्यातलं शिसं आणि ॲसिड विहिरीच्या झऱ्यापर्यंत पोचतं. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे दुकानदार वळते करतो. ॲसिड ओतून रिकामी करून नेऊ नका, भरलेलीच न्या.

नवी बॅटरी आली की पहिली फेरी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवशी करा. वल्ही आणि लाइफ जॅकेट सोबत हवीतच. रायबंदरच्या बांधाच्या कडेने एक किलोमीटर मोजून घ्या, वर आणि खाली, एकदा अर्ध्या वेगाने आणि एकदा पूर्ण. प्रत्येक वेळी मीटरवरचे अँपिअर, लागलेली मिनिटं आणि एएच वहीत लिहा. मग उधाणाच्या दिवशी तेच पुन्हा करा, किनाऱ्याजवळ राहून. या आठ फेऱ्यांचे आकडे तुमच्याकडे आले की मला पाठवा, तुमच्या होडीला किती अंतरावरून परत फिरायचं ते आपण बसून काढू.